दाजींच्या नावाचं रक्त

पिंपळमळा, ता. संगमनेर
१ सप्टेंबर २०२५

चि. ओंकार यास ज्योतीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तू कसा आहेस? फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर निळी खूण येते आणि पुढे काही नाही, म्हणून शेवटी पोरीच्या वहीतली पानं फाडली. फोनवर तसंही बोलता येत नाही. मी फोन कानाला लावला की सासूबाई लसूण घेऊन माझ्या शेजारीच सोलायला बसतात. दुधाच्या गाडीवरचे गहिनीनाथभाऊ हे पत्र सॅम्पलच्या डब्यातून तुझ्या डेअरीच्या लॅबमध्ये आणून देतील. बर्फाने भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलंय. पिशवी धुतलेली आहे, नाक मुरडू नकोस.

लाल गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. आज गौरी जेवल्या. पुरणपोळी पाठवणार होते, पण सॅम्पलला वेलदोड्याचा वास लागला तर तूच आमच्या केंद्राचं दूध नापास करशील. तुझे दाजी नेहमीसारखे. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर बसतात, लोकांच्या दुधाची फॅट काढतात, घरी येतात, जेवतात, गोठ्यात जातात. माणूस आहे की घड्याळ, असं तूच एकदा म्हणाला होतास.

बेलापूरच्या पाहुण्यांचा फोन आला होता. साखरपुडा दिवाळीनंतर बघू, असं तू परस्पर सांगून टाकलंस म्हणे. मला विचारायची पद्धत गेली का? निकिता चांगली मुलगी आहे. तिच्या आईने मला विचारलं, "मुलाच्या मनात दुसरं काय हाय का? असल तर आत्ताच सांगा." मी म्हटलं, आमचा ओंकार तसा नाही. दिवाळीपर्यंत असं काय होणार आहे, जे आत्ता होत नाही? उत्तर दे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मगापासून गाय आणि गौरींच्या मागे लपते आहे.

आमच्या शेजारच्या कडूबाईंची रोहिणी तुला माहीत आहे. ती हल्ली संगमनेरात रक्त तपासायच्या एका खासगी लॅबमध्ये दुपारच्या पाळीला असते. सणाला आली होती. नळावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, रागवू नका. भाऊंचा रिपोर्ट आमच्याकडं पडून हाय. रक्त देऊन गेले आन् न्यायला आलेच न्हाईत. फोन लावला तर नंबर बी चुकीचा."

मी म्हटलं, "कुठल्या भाऊंचा?"

"आजिनाथभाऊंचा. नाव, गाव, समदं हाय की पाकिटावर."

"कसला रिपोर्ट?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "एचआयव्हीचा, वैनी."

माझा हंडा कमरेवरून घसरला नाही, मी काही सिनेमातली बाई नाही. मी म्हटलं, "हो, मला म्हणाले होते ते." आणि भरला हंडा घेऊन घरी आले. चूल पेटवली, डाळ शिजायला टाकली, आणि मग न्हाणीचं दार लावून आत बसले.

ओंकार, खरं सांगू? आजाराची भीती नंतर आली. आधी आली ती बाई. कोण असेल? कशी असेल? माझ्यापेक्षा उंच? माझ्यापेक्षा गोरी तर सगळ्याच असतात. मला माहीत होतं कोण. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या स्नेहल मॅडम. स्कूटीवर येतात, डोळ्यांना गॉगल, गायीला गाभण राहायचं इंजेक्शन द्यायच्या आधी कोपरापर्यंत हातमोजा चढवतात. मॅडमचा हात गायीत आणि ह्यांचे डोळे मॅडमवर. गायीची शेपटी धरायला गडी नाही का? आहे. पण मॅडम आल्या की शेपटी हेच धरतात. चहात साखर किती टाकायची तेही हेच सांगतात. माझ्या चहात साखर किती लागते, विचार त्यांना. सांगता यायचं नाही.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. आई पातेल्यातली दुधाची खरवड तुला द्यायची आणि मी चुलीमागे जाऊन रडायची. वाटून दिली तरी तुझा घास मोठा वाटायचा. माझं आहे ते दुसऱ्याच्या तोंडात गेलेलं मला बघवत नाही, त्याला मी काय करू?

आता सगळं खटकतं. ह्यांनी नवा कंगवा आणला. परवा दाढी दोनदा केली. धारा काढताना गुणगुणत होते. मी विचारलं, काय झालं एवढं? तर म्हणाले, "कालवड झाली की." बघ, उत्तर कसं तयार.

एक काम कर. तू तिथे संगमनेरातच आहेस. त्या लॅबमध्ये जा, मी त्यांचा मेहुणा म्हणून सांग, आणि तो रिपोर्ट घेऊन ये. मला रोहिणीपुढे हात पसरायचा नाही. माझ्या नवऱ्याच्या रक्ताची बातमी माझ्याआधी तिला कळली, हेच मला जन्मभर पुरेल. तुझ्याशिवाय मला हे कुणाला सांगता येत नाही. काय निघेल ते निघेल, पण आधी मला कळू दे.

गहिनीनाथभाऊंच्या हातीच उत्तर पाठव.

तुझी, घरात असून कुणाच्या हिशेबात नसलेली,
ज्योतीताई


९ सप्टेंबर २०२५

ओंकार यास आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. वाचायला घेण्याआधीच संपली. "ताई, दाजी तसे नाहीत. लॅबवाले पेशंटशिवाय रिपोर्ट देत नाहीत. डोकं शांत ठेव, कुणाशी बोलू नको." वा! बहिणीने चार पानं लिहावीत आणि भावाने चार वाक्यांत तिचं तोंड बंद करावं. दाजी तसे नाहीत हे तुला काय ठाऊक? तू त्यांच्याबरोबर संसार केलास का? शेवटी पुरुष पुरुषाचीच बाजू घेणार. तू लॅबमध्ये गेलास तरी होतास का, की खोलीत बसूनच लिहिलंस?

मी ह्यांना अजून एक अक्षर विचारलेलं नाही. विचारलं आणि "होय" म्हणाले, तर मी काय करू? म्हणून विचारत नाही. पण ताट वेगळं केलं. तांब्या वेगळा केला. अंथरूण उचलून केंद्रावरच्या खोलीत नेऊन टाकलं. सांगितलं, पोरगी रात्री लाथा मारते, तुमची झोप मोडते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुमान चादर खांद्यावर टाकून गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. ज्याच्या मनात काही नाही तो भांडतो. हो की नाही?

परवा मॅडम आल्या. मी त्यांना कान तुटलेल्या कपात चहा दिला आणि बजावलं, यापुढे आमच्या गोठ्यात तुमची गरज पडणार नाही. हे मागून म्हणाले, "आगं, मग वासरं काय दत्तक घ्यायची का?" मॅडम हसल्या. हेही हसले. दोघं एकदम हसले, ओंकार. मी मोरीत जाऊन तो कप फोडला.

मग काल पोरीला ताप आला. साधा पावसाळी ताप, आज उतरलाही. पण अंगाला हात लावला आणि तो तसाच ठेवून बसले. इतके दिवस मी त्या बाईचा चेहरा शोधत होते. माझ्या अंगात काय असेल याचा विचारच केला नव्हता. माझ्यात असेल तर पोरीचं काय? आई गेल्यापासून माहेर म्हणजे संगमनेरातली तुझी एक खोली. मला काही झालं तर ही पोर त्या खोलीत राहील का? तू तिची वेणी घालशील का? दुपारभर हाच विचार. भाकरी करपली, सासूबाईंनी विचारलं, "ध्यान कुठं हाय तुजं?" मी म्हटलं, तव्यावर.

गहिनीनाथभाऊ म्हणाले, "तुमचा भाऊ लई खराब झालाय, ताई. डबा तसाच परत जातो. मोबाईल बघत बसतो, मधीच आरशाम्होरं जाऊन जीभ काय बघतो, गळ्याच्या गाठी काय चाचपतो." वाचव रे देवा! माझ्या दुःखाने तू जेवायचं सोडलंस? मी तुला वरती एवढं बोलले, ते मागे घेते. खोडत नाही, कारण कागद खराब होईल. भाऊ असावा तर असा. पण जेव. माझ्या नवऱ्याच्या भानगडीपायी तू उपाशी राहिलास तर त्या बाईला माझा आणखी एक माणूस मिळाल्यासारखं होईल.

मी ठरवलंय. थायरॉईड तपासायचं निमित्त करून पुढच्या आठवड्यात संगमनेरच्या सरकारी दवाखान्यात जाणार आणि स्वतःचं रक्त देणार. तिथे फुकट करतात आणि कुणाला सांगत नाहीत, असं भिंतीवर लिहिलेलं मी पोरीच्या वेळी वाचलं होतं. नंतर त्या लॅबमध्येही जाणार. बायको म्हणून माझा हक्क आहे.

आणि घट बसायच्या आत मी इथून निघणार. घट बसले की नऊ दिवस बाहेर मुक्कामाला जाता येत नाही. तू न्यायला ये. सगळ्यांसमोर त्यांना विचार, की माझ्या बहिणीत काय कमी होतं. मला नाही विचारता येत. तू विचार. तूच विचारायला हवंस.

तुझी,
ज्योतीताई


१७ सप्टेंबर

ओंकार,

रक्त देऊन आले. माझ्यात काही नाही.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले तेव्हा माझ्या शेजारी पहिलटकरीण होती, वेफर खात होती. तिला ते रक्त गर्भारपणाच्या तपासणीतलं एक म्हणून द्यायचं होतं, तिला त्याचं काही नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. आत समुपदेशक बाई होत्या, आईच्या वयाच्या. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. ताट वेगळं केलंय हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, ताटानं हा आजार होत नाही. तांब्यानं नाही, अंथरुणाला अंथरूण लागून नाही. घरी जाऊन ती भांडी एकत्र करा." आणि म्हणाल्या, असा प्रसंग घडला की पहिल्या तीन दिवसांत यायला हवं, तेव्हा गोळ्या देता येतात, नंतर आलं तरी तपासायचं, आणि तीन महिने झाले की पुन्हा एकदा, म्हणजे खात्री होते. निघालाच तर रोज गोळी, आणि माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, लग्न करतो, त्याची लेकरंही निरोगी होतात. मी सगळं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे मला कशाला, हे ह्यांना सांगा.

तिथून लॅबमध्ये गेले. रोहिणी होती. म्हणाली, "वैनी, पेशंटलाच देता येतं. तुमाला मी बोलले हेच माझं चुकलं." मी वळले. तर तिने मला बरं वाटावं म्हणून असेल, मागून सांगितलं, "भाऊंना रक्त बघून घेरी आली व्हती म्हनं. सकाळच्या पाळीचा पोरगा सांगत हुता. त्यानं पानी पाजलं. बोटांवर अ‍ॅसिडचे डाग बघून त्यानं इचारलं बी, डेअरीच्या लॅबात हायेत का म्हनून. तर व्हय म्हनले."

मी पायरीवर उभी राहिले, ओंकार. लोक धक्के मारून जात होते.

तुझ्या दाजींनी अडलेल्या गायीचं वासरू खांद्यापर्यंत हात घालून ओढलंय. रक्त बघून त्यांना घेरी येत नाही. आमच्या केंद्रावर फॅट मशीनवर निघते, तुमच्या लॅबसारखं अ‍ॅसिड लागत नाही. त्यांच्या हाताला शेणाचा वास असतो, डाग नसतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांवर अ‍ॅसिड सांडून घेतलं ते कुणी, आणि रात्रभर कोरफडीचा गर कुणी लावला, ते मी तुला सांगायला नको. सुई बघून कुणाला घेरी येते तेही नको. शाळेत लस द्यायला आले की तुला धरायला मला वर्गातून बोलवायचे.

मी तुलाच सांगत होते. पानंच्या पानं. तुलाच रिपोर्ट आणायला लावत होते. तुलाच म्हणत होते, तू न्यायला ये, तू विचार त्यांना.

आणि माझं ऐक. पायरीवर पहिल्यांदा मला काय वाटलं? राग नाही. भीती नाही. मला हायसं वाटलं. बाई नव्हती. स्नेहल मॅडम नव्हत्या, कुणीच नव्हतं, माझा नवरा माझाच होता. माझा सख्खा भाऊ कुठेतरी आरशात जीभ बघत मरणाची वाट पाहतोय आणि मी लॅबशेजारच्या रसवंतीसमोर उभी राहून हसले. ही तुझी बहीण. त्यानंतर जी लाज वाटली ती अजून जात नाही.

मग आला राग. जगात एवढी नावं असताना तुला माझाच नवरा सापडला? घरी येईपर्यंत एसटीत मी याचाच विचार करत होते आणि मला कळलं, की तू असं का केलंस. तुला असं नाव हवं होतं की ज्याच्यावर कुणी शंकाच घेणार नाही. तुझ्या ओळखीत सगळ्यात सरळ माणूस तोच. सुईसमोर तुझ्या तोंडून आपोआप आलं असेल. आणि ज्या नावावर कुणीच शंका घेणार नाही असं तुला वाटलं, त्यावर शंका घेतली त्याच्या बायकोने. तेही एका क्षणात, हंडा खाली न ठेवता.

चिठ्ठी पाठवू नकोस. फोन उचल.

ज्योती


२५ सप्टेंबर २०२५

चि. ओंकार यास,

फोन उचललास, बरं केलंस. तू रडत होतास आणि इकडे सासूबाई लसूण घेऊन आल्या होत्या, त्यामुळे निम्मंच कळलं. जेवढं कळलं ते असं: जुलैच्या अखेरीला मित्रांबरोबर पुण्याला गेलास, प्यायलास, ओळख ना पाळख अशा बाईबरोबर लॉजवर राहिलास, काळजी घेतली नाहीस. मग ऑगस्टमध्ये घाबरून रक्त दिलंस आणि त्याहून घाबरून रिपोर्ट आणलाच नाहीस. ती कोण, कशी दिसायची, हे मी विचारणार नाही. खोटं लिहिलं. विचारणार आहे, पण आत्ता नाही.

साखरपुडा पुढे ढकललास, त्याबद्दल मी तुला एवढं झापलं. आता म्हणते, एवढी एक गोष्ट तू नीट केलीस. त्या पोरीला तू फसवलं नाहीस. तिच्या आईला मी सांगितलंय, मुलाच्या मनात दुसरं काही नाही, तब्येत बरी नाही, दिवाळीनंतर स्वतः येऊन तो काय ते बोलेल. आणि तू बोलायचं आहेस, जे निघेल ते.

आता दाजींचं. मला त्यांना सांगावंच लागलं. ताट पुन्हा एकत्र केलं तेव्हा ते ताटाकडे बघून म्हणाले, "मेहेरबानी झाली का? मला वाटलं, मॅडमच्या चहातल्या साखरेवरनं रुसलीस." मी सगळं सांगितलं. रोहिणी, लॅब, तुझे डाग. ते जेवत होते ते थांबले. मला वाटलं आता तुझ्यावर भडकणार. तर म्हणाले, "ओंक्यानं भ्यालेल्या जिवानं नाव घेतलं, त्याचं काय न्हाई. पर तू कसं मानलंस?"

मी आणखी एक भाकरी वाढायला घेतली. त्यांनी हात धुतला. आणि ओंकार, आता मी ताट एक केलं, अंथरूण घरात आणून टाकलं, तरी ते रात्री केंद्रावरच झोपायला जातात. मी घालवलं होतं तेव्हा गेले होते. आता आपल्या मनाने जातात. घट बसले आहेत, अखंड दिव्याला मी तेल घालते, आणि अंगणापलीकडे केंद्राच्या खोलीचा दिवा विझलेला बघते. आता मला कुठल्या बाईचा संशय घ्यायलाही जागा उरली नाही.

परवा दुपारी ते काही न सांगता संगमनेरला गेले; पुढचं मला रोहिणीने फोनवर सांगितलं. लॅबमध्ये जाऊन रोहिणीला म्हणाले, "माझा रिपोर्ट दे." दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभे राहिले. तिने हातांकडे पाहिलं. डाग नाहीत हे तिला दिसलं. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाकीट पुढे केलं. तिथे आमच्या गावची आणखी दोन माणसं बसलेली होती. संध्याकाळी बातमी गावात. आज सकाळी छगननानांनी आपली किटली आमच्या केंद्रासमोरून नेऊन पलीकडच्या केंद्रावर घातली. मी म्हटलं, सांगा ना त्यांना, हा रिपोर्ट तुमचा नाही म्हणून. तर म्हणाले, "मग कुनाचा हाय म्हनून सांगू? पोराचं लगीन व्हायचंय. जाऊ दे. नानाच्या दुधाला फॅट तशी बी कमीच लागायची."

पाकीट त्यांनी कपाटात ठेवलंय. मला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, फोडून तर बघू, जिवाला घोर लागलाय. "ज्याचं रक्त त्यानं फोडायचं," एवढंच म्हणाले. ते धारा काढायला गेले तेव्हा मी ते बल्बसमोर धरून बघितलं. काही दिसलं नाही. हे त्यांना सांगू नकोस.

आणि काल संध्याकाळी दूध गेल्यावर ते केंद्राच्या पायरीवर बसून तुझ्याशी फोनवर बोलत होते. मी झाडू घेऊन मागे गेले. एवढंच ऐकू आलं, "हे बघ, गाय भरवली की गाभन हाय का न्हाई ते तीन म्हैन्यानं कळतं. तवर आपन तिला चारा घालायचा बंद करतो का? खा, पी, कामाला जा. तीन म्हैन्यानं जे हाय ते हाय. मी हाय." किती वेळ बोलत होते तुझ्याशी! माझं अंगण दोनदा झाडून झालं. माझ्याशी हा माणूस लग्नाच्या रात्रीही एवढं बोलला नव्हता.

म्हणून लिहिते. मला तुझा मत्सर वाटतो, ओंकार. मॅडमचा वाटला तो काहीच नव्हता. माझ्या नवऱ्याने ज्या नावाचं कुंकू मी इतकी वर्षं कपाळावर लावते ते नाव भर दुपारी तुझ्यासाठी लॅबच्या काउंटरवर ठेवलं. तू चुकलास, तर तुला हे मिळालं. मी चुकले, तर मला विझलेला दिवा. आईची खरवड तुला मिळायची, आता इथलीही तुलाच. मी पुन्हा चुलीमागे. पण तेव्हा मी रडत रडत का होईना, पातेलं तुझ्यासाठी धरून ठेवायची, तू खरवडायचास, आठवतं? तसंच समज.

सोमवारी ये. जेवून ये, उपाशी पोटी यायची गरज नसते, मी विचारून घेतलंय. सकाळी घरी येशील, दाजींच्या हातून तुझं पाकीट घेशील आणि आम्हा दोघांसमोर फोडशील. आत काहीही असो, ते दाजींच्या नावाचं आहे आणि फार लवकर दिलेलं आहे, तेव्हा त्याच्यावर थांबायचं नाही. तिथून आपण तिघं सरकारी दवाखान्यात जाऊ. त्या समुपदेशक बाईंना मी सांगून ठेवलंय, माझा भाऊ येतोय. सोमवारी एकदा, आणि तीन महिने भरले की दिवाळीनंतर पुन्हा. सुई टोचताना तुझा दुसरा हात कोण धरणार यावरून तुझ्या दाजींचं आणि माझं आत्ताच वाजलंय. ते म्हणतात मी. मी म्हटलं, शाळेपासून ते काम माझं आहे. त्यावर ते हसले. या महिन्यात माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. तेव्हा ये बाबा, चुकवू नकोस. तुझं रक्त तपासायचंय, आणि परत येताना आम्ही दोघं एका एसटीत शेजारी बसणार आहोत. मला त्याचीही आशा आहे.

एकच सांगते. आत शिरल्या शिरल्या खिडकीवरची मुलगी नाव विचारेल. आम्ही दोघं तुझ्या मागे उभे असू. या वेळी तुझं सांग.

तुझी ताई,
आणि ज्याचं नाव तू घेतलंस त्याची बायको,
ज्योती आजिनाथ